टॅकोमा उंच करताय? आधी टायरचा आकडा ठरवा

डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्याआधी लांबलचक चढ लागतो. गाडी उंच केल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, मागे तंबू, पाण्याचे कॅन आणि दोन सायकली लादून आम्ही तिथून चाललो होतो. गिअरबॉक्स चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, पुन्हा तिसऱ्यात. इंजिनाच्या फेऱ्यांची सुई पाच हजारांवर आणि गाडी जेमतेम पन्नास मैलांवर. बायको शांतपणे म्हणाली, "कसाऱ्याच्या घाटात एसटी अशीच कण्हायची." मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "एसटी म्हणजे काय?" मी काहीच बोललो नाही, कारण मला तेव्हा इंजिन बिघडल्याचीच शंका होती.

इंजिनाला काही झालं नव्हतं. मी गाडी उंच केली होती, ३३ इंची टायर घातले होते आणि डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या, इंजिनाची ताकद चाकांना वाटणाऱ्या गोळ्याच्या, गिअरचा विचारच केला नव्हता. माझ्यासारखे बरेच जण असतात. नवी टॅकोमा पिकअप घेतात, शेजाऱ्याची उंच गाडी बघतात, लिफ्ट किट मागवतात, मग टायर घेतात, मग टायर घासतात म्हणून गाडी कापतात आणि सगळ्यात शेवटी गिअरचा हिशेब करतात. तोवर पैसे संपलेले असतात. हा क्रम उलटा हवा. आधी टायर, टायरवरून लिफ्ट, आणि गिअरचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला. पुढे तोच क्रम धरून लिहितो.

गाडी माझी, म्हणजे तिसऱ्या पिढीची टोयोटा टॅकोमा, २०१६ ते २०२३ मधली. साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह. तुमचा पिकअप दुसरा असला तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

१. टायरच्या कुशीवरचे आकडे वाचा

माझ्या गाडीवर कंपनीचे टायर होते २६५/७० आर १६. २६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या ७० टक्के. १६ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत कोंबण्याची कल्पना कुणाची होती देव जाणे. हिशेब असा: २६५ चे ७० टक्के म्हणजे १८५.५ मिलिमीटर. कुशी वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, ३७१. त्याला २५.४ ने भागलं की १४.६ इंच. त्यात रिमचे १६ मिळवले की टायर झाला ३०.६ इंचांचा.

हाच हिशेब २६५/७० आर १७ ला लावला तर ३१.६ येतात. बाजारात याला '३२' म्हणतात. २८५/७० आर १७ चे येतात ३२.७, हे झाले '३३'. बोलण्यातला आकडा आणि खरा आकडा यात थोडा फरक असतोच, त्यामुळे पुढच्या गणितात खरा आकडाच घ्या.

आता प्रश्न असा की तुम्हाला हवं काय आहे. शनिवारी मुलांना घेऊन कच्च्या रस्त्याने तळ्यापर्यंत जायचं असेल तर ३१.६ पुरेसे आहेत. थोड्याशा लिफ्टवर बसतात, कापाकापी जवळपास नाही, आणि गिअर बदलायची गरजही बहुतेकांना भासत नाही. खडकाळ वाटांवर वरचेवर जाणार असाल तर ३३. टॅकोमावर ३५ घालणारेही आहेत, पण तिथे खर्च आणि कापाकापी दोन्ही वेगळ्याच पातळीवर जातात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मागचा अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) जमिनीपासून वर येतो तो फक्त टायरमुळे, आणि तोही व्यासात वाढ होते त्याच्या निम्माच. ३०.६ वरून ३२.७ वर गेलात तर मागचं डिफरन्शियल साधारण एकच इंच वर येतं. लिफ्ट किटने चेसिस आणि बॉडी वर जाते, पुढचं डिफरन्शियल (थोडक्यात 'डिफ') चेसिसला लटकलेलं असल्यामुळे तेही वर जातं, पण मागचा गोळा जागेवरच असतो. तीन इंचांची लिफ्ट केली म्हणून मागे तीन इंच उंच दगड चालेल असं समजणाऱ्या एका मित्राच्या डिफच्या झाकणावर अजून खळगा आहे.

वजनही बघा. कंपनीचा टायर चाळीस पौंडांच्या आसपास असतो. ३३ इंची 'ई' लोड रेंजचा, म्हणजे दहा प्लायच्या तोडीचा टायर ५५ ते ६० पौंडांत जातो. हे वजन नुसतं वाहायचं नसतं, फिरवायचं आणि थांबवायचंही असतं. टॅकोमाला 'ई' ची गरज क्वचितच पडते. 'सी' रेंजचा मिळाला तर तो घ्या, गाडी पळेलही बरी आणि कंबरही कमी आदळेल.

आणि टायर पाच घ्या. चार नवे आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर पंक्चर झाल्यावर मागच्या ॲक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाकं येतात. डांबरी रस्त्यावर हळूहळू घरी पोचाल, पण फोर व्हील किंवा लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) लावला तर ताण थेट गिअरवर येतो. नेमकी तीच वेळ जंगलात येते.

२. लिफ्ट किती आणि कुठली

टायर ठरला की लिफ्टचा आकडा आपोआप निघतो. २८५/७० आर १७ साठी पुढे अडीच ते तीन इंच आणि मागे दीड-दोन इंच. कंपनीची टॅकोमा मागून मुळातच थोडी उंच असते, म्हणून मागे कमी लागतं.

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे स्पेसर. स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या शॉक-स्प्रिंगच्या जोडीच्या, वर ॲल्युमिनियमची चकती बसवायची, झालं. पाव इंच जाडीच्या चकतीने गाडी सुमारे अर्धा इंच उचलली जाते, कारण स्ट्रट चाकापाशी नसून चाक धरणाऱ्या कंट्रोल आर्मच्या मध्यावर बसतो आणि तिथलं अंतर चाकापाशी दुप्पट होतं. हे माहीत नसलेला माणूस तीन इंचांसाठी तीन इंचांची चकती शोधत बसतो. स्पेसरने गाडी दिसते उंच, पण शॉक आणि स्प्रिंग जुनेच असतात आणि चाकाला खाली जायला जागा कमी उरते. दिसण्यासाठी उंच करायची असेल तर ठीक.

दुसरा प्रकार बॉडी लिफ्ट. यात केबिन आणि चेसिसच्या मध्ये ठोकळे बसवतात. सस्पेन्शन तसंच राहतं. पूर्वी हे बरंच चालायचं, आता मी तरी कुणाला सुचवणार नाही.

तिसरा, आणि माझ्या मते खरा, म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट. पुढे नवे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक जुळवलेला स्ट्रट), मागे नवे पाटे (लीफ स्प्रिंग) किंवा आहेत त्या पाट्यांत एक जादा पाटा. सोबत वरचे कंट्रोल आर्म बदलून घ्या. दोन-अडीच इंचांपुढे जुन्या आर्मने कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन, पुरेसा जुळत नाही, मग हायवेवर गाडी भरकटते आणि स्टीअरिंग सतत सावरत बसावं लागतं.

चार ते सहा इंचांची ब्रॅकेट लिफ्ट चौथा प्रकार. त्यात पुढचं डिफ आणि क्रॉसमेंबर खाली घेऊन सगळी भूमितीच नव्याने मांडतात. हे पहिल्या गाडीवर करू नका.

कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. बंपरची उंची, मडगार्डबाहेर डोकावणारा टायर, यावर कुठे दंड आहे, कुठे नाही. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१ पासून पुढून वर आणि मागून खाली अशी तिरपी केलेली गाडी रस्त्यावर आणायला बंदी घातली: पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच नको. तुमच्या राज्याचा नियम वाचून मगच किट मागवा. वॉरंटीबद्दल डीलरकडे कुणी "आता सगळी गेली" म्हणालं तर घाबरू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून अख्खी वॉरंटी रद्द होत नाही, बिघाड त्या भागामुळेच झाला हे दाखवावं लागतं. अर्थात लिफ्टनंतर पुढचा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) फाटला तर ते दाखवायला त्यांना फार कष्ट पडणार नाहीत.

पुण्यातला माझा भाचा लगेच विचारतो, "मामा, माझ्या थारला चालेल का?" तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही असं म्हटलं आहे. त्याला मी सांगितलं, हे वाच आणि आहे तशीच चालव.

३. घरी बसवायचं की गॅरेजमध्ये

पाना धरता येत असेल आणि एक मित्र, दोन शनिवार हाताशी असतील तर लिफ्ट घरी बसते. डिफचे गिअर घरी बसत नाहीत. त्याचं पुढे सांगतो.

आधी चारही चाकांपाशी हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून कागदावर लिहून ठेवा. काम झाल्यावर 'किती वाढली' याचं उत्तर हाच कागद देतो. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, ते खालच्या लोखंडाला असं धरतं की पहिला बोल्ट सुटायलाच दुपार होते.

चेसिस स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नाही. पुढची दोन्ही चाकं एकदम काढा आणि दोन्ही बाजू सोबतच मोकळ्या करा. अँटीरोल बारच्या लिंक्स, ब्रेकच्या नळीचं आणि एबीएसच्या वायरचं ब्रॅकेट, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, मग स्ट्रटचे वरचे तीन नट आणि खालचा एक मोठा बोल्ट. हब मोकळा झाला की तो तारेने बांधून ठेवा. ब्रेकच्या नळीवर लटकू द्यायचा नाही.

जुन्या स्ट्रटवरची स्प्रिंग घरी सोडवू नका. भाड्याने मिळणारा स्प्रिंग कंप्रेसर निसटला तर ती स्प्रिंग गॅरेजचं छत शोधते, मध्ये तुमचं तोंड आहे की नाही ते बघत नाही. थोडे जास्त पैसे देऊन जुळवून आलेलेच कॉइलओव्हर घ्या.

मागे ॲक्सल जॅकवर पेलून यू-बोल्ट सोडवा. यू-बोल्ट नवेच लावा, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. पाट्यांचा गठ्ठा सी-क्लॅम्पने आवळून मधली खीळ काढा, जादा पाटा बसवा, पुन्हा आवळा. चारही नट आलटून-पालटून, थोडे-थोडे घट्ट करा.

आता एक बारीक गोष्ट, जी माझ्याकडून चुकली. आर्मचे आणि पाट्यांचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण घट्ट करायचे नसतात. आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, बंपर दाबून दोन-तीनदा हलवा आणि मग पूर्ण घट्ट करा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. मी हवेतच आवळले, आणि वर्षभरात प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी जुन्या लाकडी झोपाळ्यासारखी कुरकुरायला लागली.

चाकांचे नट टॅकोमावर ८३ फूट-पौंडांनी घट्ट करायचे. पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा एकदा पाना लावा, यू-बोल्टांनाही. अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या आणि छापील रिपोर्ट मागा. हेडलाइट खाली झुकवायला विसरू नका, समोरचा माणूस आंधळा होतो. २०१८ पासूनच्या गाड्यांत समोर रडार आणि कॅमेरा आहे. उंचीनंतर त्याची जुळणी तपासून घ्या.

निघताना, साधारण दहा-वीस मैलांच्या वेगात, सीटखाली थरथर जाणवली तर बहुधा मागच्या दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या डिफकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोन बदललाय. मधलं बेअरिंग छोट्या स्पेसरने खाली घेतलं किंवा ॲक्सलखाली पाचर दिली की बहुतेकदा ती जाते.

४. टायर कुठे घासतो ते शोधा

३३ इंची टायर लावून स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि रिव्हर्स घ्या. माझ्या गाडीतून सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये असा 'खर्रर्र' आवाज आला की दोन बायका ट्रॉल्या सोडून बाजूला झाल्या. टायरचा मागचा कोपरा केबिनच्या माउंटवर, म्हणजे पुढच्या चाकामागे चेसिसमधून बाहेर आलेल्या लोखंडी कानावर, घासत होता. लिफ्टने यातून सुटका होत नाही, कारण टायर वर नाही तर मागे घासतो. तो कान कापून वर पट्टी वेल्ड करावी लागते. आत प्लास्टिकचं अस्तर हीट गनने गरम करून मागे ढकलायचं, बंपरची खालची कडा थोडी कापायची.

रिमचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे तो आकडा, जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं आणि वळताना तितका मोठा घेर घेतं. म्हणजे 'रुबाबदार' रिम घेतली की कापाकापी वाढते. शेवटची तपासणी अशी: पुढचं एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून सस्पेन्शन दाबलेलं असताना स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. सपाट जागेवर न घासणारा टायर इथे सापडतो.

५. आता गिअर

डिफरन्शियलमध्ये दोन दातेरी भाग असतात. आपल्याकडच्या गॅरेजांत त्यांना क्राउन-पिनियन म्हणतात. मोठ्या क्राउनचे दात भागिले छोट्या पिनियनचे दात, हाच रेशो. माझ्या टॅकोमात ४३ भागिले ११, म्हणजे ३.९०९. शाफ्ट ३.९ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं.

मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो. म्हणजे इंजिनाला प्रत्येक फेरीत जास्त ओढावं लागतं. गिअरच्या सायकलवर चढाला मागची छोटी चकती लावून पेडल मारून बघा, पायाला लगेच कळेल. हिशेबात मांडायचं तर ३.९०९ गुणिले ३०.६ भागिले ३२.७ बरोबर ३.६६. टायर बदलल्या क्षणी माझी गाडी ३.६६ ची झाली होती, आणि वर टायरचं वजन वेगळं.

मूळ अवस्था परत आणायची तर उलटं गणित: ३.९०९ गुणिले ३२.७ भागिले ३०.६, म्हणजे ४.१८. हा आकडा तळाची मर्यादा समजा. त्याने फक्त व्यासाची भरपाई होते. जड टायर, उंच गाडीला जास्त लागणारा वारा, मागचं सामान, याची भरपाई त्यात नाही. म्हणून त्यापुढचा रेशो घेतात. टॅकोमासाठी सहज मिळणारे म्हणजे ४.५६, ४.८८ आणि ५.२९. आकडा जितका मोठा, तितका ओढा जास्त आणि इंजिनाचे फेरे जास्त. बोलताना मात्र मोठ्या आकड्याला 'लो गिअर' म्हणतात, दुकानात गोंधळू नका.

इंजिनाचे मिनिटाला फेरे किती होतील ते आधीच काढता येतं. वेग मैलांत, गुणिले डिफचा रेशो, गुणिले गिअरबॉक्सचा रेशो, गुणिले ३३६ (मैल, इंच आणि मिनिटं जुळवणारा ठरलेला आकडा), भागिले टायरचा व्यास इंचात. टॅकोमाच्या ऑटोमॅटिकचा सहावा गिअर ०.५८ आणि पाचवा ०.६८७ आहे. ताशी ७० मैलांवर, सहाव्यात, कंपनीच्या गाडीचे फेरे येतात १७४०. फक्त टायर बदलले तर १६३०. ४.५६ घातले तर १९००, ४.८८ ला २०४०, ५.२९ ला २२१०.

२०४० हा आकडा बघून बरेच जण दचकतात, "पेट्रोल किती पिईल?" पण १६३० वर हे इंजिन सहावा गिअर धरतच नाही. त्याचा कमाल टॉर्क ४६०० फेऱ्यांवर आहे. जरा वारा आला, जरा चढ आला की ते पाचव्यात, मग चौथ्यात जातं, आणि चौथ्यात ७० ला २८०० फेरे होतात. कागदावर कमी फेरे, रस्त्यावर सतत वर-खाली. ४.८८ नंतर माझी गाडी सपाटीवर सहाव्यातच राहते.

राहता कुठे, हेही यात मोजा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. डेन्व्हर ५२८० फुटांवर, आयझेनहॉवर बोगदा ११ हजारांच्या वर. कागदावरचे २७८ हॉर्सपॉवर बोगद्यापाशी १९० च्या आसपास उरतात. ह्यूस्टनला किंवा शिकागोला सपाटीवर राहणाऱ्याने ३३ वर ४.५६ घेतले तर तो सुखी असेल. डोंगरात राहणाऱ्याने ४.८८ घ्यावेत. ५.२९ हे ३५ इंचवाल्यांसाठी. उगाच पुढे जाऊ नका, कारण रेशो वाढवताना पिनियन लहान होत जातं: ४.८८ म्हणजे ३९ भागिले ८, ५.२९ म्हणजे ३७ भागिले ७. कमी दातांचं छोटं पिनियन तितकं नाजूक. आणि पुढे कधी ३५ टायर घ्यायचा मनसुबा असेल तर तो आत्ताच ठरवा. गिअर दोनदा बदलण्याएवढी महाग हौस दुसरी नाही.

फोर व्हीलच्या गाडीत पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफ एकाच रेशोचे करावे लागतात. मागचंच बदलून पैसे वाचवतो म्हणाल तर फोर व्हील लावल्या लावल्या पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने ओढू पाहतील, आणि मधल्या ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचं, भरीत होईल. मला दोन्हींचे मिळून, बेअरिंग किट आणि मजुरीसकट, अडीच ते तीन हजार डॉलरच्या मध्ये पडले.

६. गिअर बसवणारा माणूस निवडा

हे काम पानांचं नाही, हाताच्या अंदाजाचं आणि मोजमापाचं आहे. पहिल्यांदा मी जिथे बसवले तिथून गाडी घेऊन निघालो, आणि पन्नासच्या वर जाताच मागून लांबून विमान चालल्यासारखी 'हूंऽऽ' सुरू झाली. "नवे आहेत, बसतील," असं सांगण्यात आलं. नीट जुळवलेले गिअर पहिल्या दिवसापासून शांत असतात. आवाज करणारे बसत नाहीत, झिजतात.

दुसऱ्या ठिकाणच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मला उभं करून दाखवलं. टॅकोमाचा मागचा डिफ पुढच्या बाजूने अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे तो टेबलावर ठेवून काम करता येतं. त्याने क्राउनच्या तीन-चार दातांना ब्रशने पिवळी पेस्ट लावली, पिनियनवर हाताने ताण ठेवून क्राउन पुढे-मागे फिरवला आणि टॉर्च धरली. पेस्ट पुसली गेलेला ठसा दाताच्या मुळाशी, अगदी तळाला होता. "पिनियन जास्त आत आहे," तो म्हणाला. मग त्याने सगळं पुन्हा उघडलं, पिनियनमागची पातळ चकती बदलली, पुन्हा जुळवलं, पुन्हा पेस्ट. तिसऱ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध आला, लांबट, पोपटाच्या पिसासारखा. मग डायलचा काटा दाताला टेकवून क्राउन हलकेच हलवला. काटा सात हजारांश इंच फिरला. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवा, जवळपास तेवढी फट. साधारण पाच ते दहा हजारांशांत ती असावी लागते, आणि प्रत्येक गिअर सेटसोबत बनवणाऱ्याने दिलेला आकडा असतो.

म्हणून गॅरेजात तीन गोष्टी विचारा. ठशाचा फोटो देणार का? फट आणि पिनियन बेअरिंगचा ताण लिहून देणार का? बेअरिंग आणि सील नवे घालणार का? पहिल्या प्रश्नालाच कुणी खांदे उडवले तर चावी खिशात घालून बाहेर या.

स्पीडोमीटरचंही बघून घ्या. सेन्सर चाकांवर असेल तर तो फक्त टायरच्या फरकाने चुकतो. सेन्सर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असेल, जसा बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये असतो, तर टायर आणि डिफ दोन्हींनी. टॅकोमात तो चाकांवरून येतो. ३२.७ च्या टायरवर काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६४ ने चाललेले असता. ७० ला जवळपास ७५. पोलिसाला हे गणित समजावून बघितलंय, उपयोग होत नाही. फरक दुरुस्त करणारं छोटं यंत्र मिळतं, ते लावा.

७. पहिले पाचशे मैल

नवे गिअर हळूहळू एकमेकांना घासून बसतात आणि या काळात खूप तापतात. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवा, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या, निदान अर्धा तास. असं दोन-तीनदा. पाचशे मैलांपर्यंत ट्रेलर ओढायचा नाही, पाय दाबून पळवायची नाही, हायवेवर तासन् तास एकाच वेगाने जायचं नाही. माझ्या गाडीला या पाचशे मैलांत सहा आठवडे लागले, कारण मी तिला ऑफिस आणि किराणा यापलीकडे नेलंच नाही.

पाचशे झाले की दोन्ही डिफचं तेल बदला, जीएल-५ दर्जाचं. खालच्या बुचाला चुंबक असतं. त्यावर शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा करडा, मऊ चिखल दिसेल, बोटांत चोळला तर खरखरणार नाही. तो पुसून टाका, बुच लावा. त्यात नखाएवढा चकचकीत तुकडा किंवा टोचणारा कण सापडला तर मात्र ते बुच कागदात गुंडाळून थेट ज्याने गिअर बसवले त्याच्यापुढे ठेवा आणि तोवर गाडी हलवू नका.